बिल्ला एकाचा, गठ्ठा दुसऱ्याचा



जून महिन्यात शाळा उघडायच्या सुमारास पुण्याच्या बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. पेशवाईतील सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक पुस्तकांच्या दुकानांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. मावळातून, भोरहून, पुरंदरहून माणसे शाळेची यादी खिशात घालून येतात आणि वह्यापुस्तकांचा गठ्ठा घेऊन संध्याकाळच्या एस्. टी. ने परत जातात. आज मला बोलायचे आहे ते संगणकावरच्या एका दोषाविषयी. पण संगणकाची भाषा सुरुवातीपासून ऐकवली, तर तुमच्यापैकी निम्मे लोक रेडिओ बंद करून गोठ्याकडे वळतील. म्हणून हा चौक मी थोड्या वेळासाठी उसना घेतो.

समजा, येथे एक पुस्तकांचे दुकान आहे. मालक मोठा हुशार, पण त्याला माणसांचे चेहरे अजिबात लक्षात राहत नाहीत. तुम्ही यादी दिलीत, पाच मिनिटांनी पुन्हा त्याच्यासमोर उभे राहिलात, की तो विचारणार, "आपण कोण?" या विसराळूपणावर त्याने एक तोड काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एक नंबराचा पितळी बिल्ला देतो आणि फळीवर त्याच नंबराचा एक कप्पा राखून ठेवतो. तुमचे जे जे सामान निघेल ते त्या कप्प्यात पडत जाते. पुढच्या वेळी तुम्ही काही बोलायची गरज नाही. बिल्ला दाखवला की झाले.

वेबसाइट चालवणारे जे यंत्र असते, ज्याला सर्व्हर म्हणतात, ते या मालकासारखेच आहे. तुम्ही एक पान मागितले, त्याने ते दिले, आणि तुम्ही कोण होतात हे तो विसरून गेला. वेबची मूळची घडणच तशी आहे. पुढे वेबवर दुकानदारी करायची वेळ आली, तेव्हा हा विसराळूपणा नडू लागला. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणाने बिल्ल्याची युक्ती काढली. त्या बिल्ल्याला नाव पडले कुकी. सर्व्हरकडे त्या नंबराचा जो कप्पा असतो त्याला म्हणतात सेशन. तुम्ही लॉगिन करता, म्हणजे बिल्ला घेता. लॉगआउट करता, म्हणजे बिल्ला परत करता.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याच्याशी काय करायचे? करायचे आहे, बरं का. सातबारा संगणकावर आला. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. शाळेची माहिती यू-डायसवर चढवावी लागते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशसुद्धा साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. खेड्यातल्या मुलाचे नाव, जात, गुण, बँकेचा खातेनंबर, हे सारे अशा एखाद्या कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा त्याचाच राहिला पाहिजे. यांतल्या अमुक संकेतस्थळात दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. दोष कोणत्या जातीचा असतो आणि तो कसा ओळखावा, एवढेच मला सांगायचे आहे.

तर आपल्या दुकानाकडे परत येऊ. दुकान लहान होते तेव्हा मालकाच्या हाताखाली एकच नोकर होता. गिऱ्हाईक आले की तो गल्ल्याशेजारी टांगलेल्या पाटीवर लिहायचा, "इयत्ता पाचवी, मराठी माध्यम". मग माळ्यावर चढायचा, अर्ध्या वाटेवर विसरला तर वाकून पाटीकडे बघायचा, आणि पुस्तके आणून कप्प्यात ठेवायचा. ते गिऱ्हाईक संपले की पाटी पुसून पुढचे. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालले.

पुढे गर्दी वाढली. मालकाने एकाचे दहा नोकर केले. पाटी मात्र एकच राहिली.

आता बघा काय होते ते. पहिल्या नोकराने पाटीवर "इयत्ता पाचवी" लिहिले आणि तो माळ्यावर गेला. तेवढ्यात दुसऱ्याने ती पाटी पुसून "इयत्ता नववी, सेमी इंग्रजी" असे लिहिले. पहिल्याने वरून वाकून पाटी पाहिली, नववीची पुस्तके काढली आणि पाचवीच्या मुलाच्या कप्प्यात ठेवून दिली. बिल्ला बरोबर, कप्पा बरोबर, नोकर इमानी. तरी गठ्ठा भलत्याचाच! कोणी चोरी केली नाही, कोणी कुलूप फोडले नाही.

सर्व्हरमधल्या या नोकरांना थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात असे दहा, पन्नास, दोनशे धागे एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक धागा कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाचे काम करीत असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने "सध्या कोणाचे काम चालू आहे" ही गोष्ट सर्वांना दिसणाऱ्या एकाच जागी लिहून ठेवली, की ती आपली पाटी झाली. जावा या संगणकाच्या भाषेत सर्व्हलेट नावाची जी घडण आहे, तिच्यात नेहमीच्या व्यवस्थेत एकच वस्तू असते आणि सारे धागे तीच वापरतात. नवशिका पोरगा त्या वस्तूच्या पोटात गिऱ्हाइकाचे नाव ठेवतो. स्वतःच्या टेबलाशी बसून तपासतो, तेव्हा सारे ठीक चालते. कारण तपासणारा तो एकटाच असतो! त्या वेळी दुकानात गर्दीच नसते.

हाच या रोगाचा खरा त्रास आहे. साधी चूक असली तर ती रोज दिसते, दहा वेळा केली तर दहा वेळा दिसते. ही चूक दोन धाग्यांचा क्षण जुळला तरच होते, आणि तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही लहान असू शकतो. इंग्रजीत हिला रेस कंडिशन म्हणतात, म्हणजे शर्यतीची अवस्था. कोण आधी पोचेल यावर निकाल अवलंबून. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री ती उगवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पाहायला बसले की गायब. मग तक्रार करणाऱ्याला ऐकावे लागते, "तुम्हीच काहीतरी भलते बटण दाबले असेल."

खेड्यातल्या माणसाला हे उत्तर फार लवकर मिळते, आणि तो ते फार लवकर मान्यही करतो. म्हणून मी आता दोन मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतो.

जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे आपले काम गिटहब नावाच्या संकेतस्थळावर ठेवतात. तेथले कारागीर काही नवशिके नव्हेत. २ मार्च २०२१ रोजी त्यांच्याकडे एका वापरणाऱ्याची तक्रार आली : मी माझ्या नावाने आत गेलो होतो, आणि अचानक दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जाऊन पडलो. त्या भल्या माणसाने लगेच लॉगआउट केले आणि कळवले. त्याला कोणी "बटण चुकले असेल" म्हटले नाही. पाठोपाठ तशीच दुसरी तक्रार आली. शोध सुरू झाला. काम लवकर व्हावे म्हणून त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये मागच्या बाजूला काम करणारा एक धागा नव्याने घातला होता. शिवाय त्यांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ताट न घेता तेच ताट पुसून पुढच्याला वाढायची रीत होती. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या. पण मागचा धागा ते ताट हातात धरून राहिला होता, आणि तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाचे वाढप त्यातच सुरू झाले. एकाचा बिल्ला दुसऱ्याच्या हातात पडला.

५ मार्चला दोष दुरुस्त झाला. ८ मार्चला गिटहबने सर्वांचेच बिल्ले रद्द केले आणि साऱ्या जगाला पुन्हा लॉगिन करायला लावले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हा घोटाळा लॉगिन केलेल्या सेशनांपैकी ०.००१ टक्क्याहून कमी जागी झाला असावा, म्हणजे लाखात एकाहूनही कमी. लाखात एक! टेबलाशी बसून तपासणाऱ्याला तो जन्मात सापडला नसता. सापडला तो बाहेरच्या एका माणसाच्या तक्रारीमुळे.

दुसरी गोष्ट २० मार्च २०२३ ची. चॅटजीपीटी हे नाव आता आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहे. त्या दिवशी काही लोकांना आपल्या पडद्यावर दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली. कारण पाहा. तुम्ही चहा सांगितलात आणि येण्याआधीच उठून गेलात. पोऱ्या चहा घेऊन आला, त्या टेबलाशी बसलेल्या नव्या माणसासमोर ठेवला आणि गेला. नव्या माणसाने सांगितली होती कॉफी. म्हणजे पुढे सारी गाडीच एका घराने सरकली. तेथेही असेच झाले. मागणी मध्येच रद्द झाली, तिचे उत्तर त्या मार्गात पडून राहिले आणि त्याच मार्गाने पुढची मागणी पाठवणाऱ्याच्या पदरात पडले. पैसे भरून ती सेवा घेणाऱ्यांपैकी, एका ठराविक नऊ तासांत जे हजर होते त्यांच्यातल्या १.२ टक्के लोकांची नावे, पत्ते आणि कार्डाचे शेवटचे चार अंक परक्याला दिसले असण्याची शक्यता आहे, असे ओपनएआय कंपनीने जाहीर केले. कंपनीने ते लपवले नाही, हे मला विशेष वाटते.

दोषाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो अधिक साळसूद दिसतो. यात परका कोणी नसतोच. बिल्ला तुमचा, कप्पा तुमचा, आणि तरी तुमचे सामान नाहीसे होते.

पुन्हा दुकानात चला. एका घरची उधारी खतावणीत ४०० रुपये आहे. त्या घरची दोन मुले एकाच वेळी दोन टोकांना उभी राहून खरेदी करतात. एकाने १५० ची पुस्तके घेतली, दुसऱ्याने ९० च्या वह्या. दोन्ही नोकरांनी खतावणीत डोकावून ४०० हा आकडा मनात घेतला. पहिल्याने बेरीज करून ५५० लिहिले. दुसऱ्याने आपली बेरीज केली आणि त्यावर ४९० लिहिले. खरा आकडा ६४० हवा होता. १५० रुपये हवेत विरले, आणि दोघांचीही बेरीज बरोबर!

आजकालचे वेबपान एका वेळी एकच मागणी करीत नाही. तुम्ही फोटो चढवत असता, त्याच वेळी पान मागल्या बाजूने तुमचा अर्धवट अर्ज जपून ठेवत असते. दोन धागे तुमच्या कप्प्यातला सगळा कागद उचलतात, आपापली ओळ लिहितात आणि सगळा कागद परत ठेवतात. नंतर ठेवणाऱ्याचा कागद राहतो, आधीच्याची ओळ जाते. "मास्तर, फोटो चढवला होता हो, गेला कुठे?" या प्रश्नाचे एक उत्तर असे असू शकते. एकच उत्तर असते असे नव्हे. नेट तुटणे हेही मोठे कारण आहेच.

यावर उपाय काय? रेल्वेने तो फार पूर्वी काढून ठेवला आहे. एकपदरी लोहमार्गाच्या गावचे जे श्रोते असतील, त्यांनी हा देखावा पाहिला असेल. धावत्या गाडीतून ड्रायव्हर एक वेताची कडी खाली टाकतो आणि स्टेशनवरच्या माणसाकडून दुसरी हातात अडकवून घेतो. त्या कडीच्या पिशवीत लोखंडी गोळा असतो. दोन स्टेशनांची यंत्रे तारेने अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर आहे तोवर दुसरा निघूच शकत नाही. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी त्या टप्प्यात. आता बऱ्याच मार्गांवर नवी यंत्रे आली आणि मार्गही दुपदरी झाले, पण तत्त्व तेच.

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९६५ साली हाच प्रश्न संगणकापुरता मांडला : अनेक कामे एकाच वेळी चालू असताना नाजूक टप्प्यात एकाच वेळी एकच काम कसे जाईल? त्याने सुचवलेल्या एका साधनाचे नावच सेमाफोर, म्हणजे रेल्वेच्या सिग्नलचा हात. आपल्याकडे "सिग्नल पडला" म्हणतात ना, तोच. धाग्याने कप्प्याला हात लावण्याआधी गोळा घ्यायचा, वाचून-लिहून झाले की परत ठेवायचा. खतावणी वाचणे आणि लिहिणे या दोन क्रिया मध्ये कोणालाही शिरू न देता एका दमात व्हायला हव्यात, एवढाच त्याचा अर्थ.

पण गोळ्याची किंमत असते. गोळा आला की रांग आली. पीएचपी नावाच्या भाषेत सेशनचा कप्पा फाइलमध्ये असेल, तर एक मागणी पुरी होईपर्यंत ती फाइल कुलुपात राहते. घोटाळा टळतो, पण एक मागणी रेंगाळली की त्याच माणसाच्या बाकीच्या मागण्या खोळंबतात. आणि गोळे दोन असले तर आणखी एक फजिती होते. तलाठी कचेरीत एका कारकुनाच्या हातात शिक्का आहे आणि तो शाईच्या पॅडची वाट पाहतो. दुसऱ्याच्या हातात पॅड आहे आणि तो शिक्क्याची वाट पाहतो. दोघेही सभ्य, कोणीच हिसकावत नाही, आणि रांग संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. संगणकात हे खरोखर घडते.

म्हणून माझ्या मते गोळ्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे पाटी काढूनच टाकणे. प्रत्येक नोकराच्या खिशात स्वतःची चिठ्ठी द्यावी, म्हणजे भांडणाचे मूळच संपते. जेथे वाटून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही तेथेच गोळा. आणखी एक रीत आहे. खतावणीच्या पानावर नंबर टाकायचा आणि लिहिताना पाहायचे, की मी वाचले तेव्हाचाच नंबर अजून आहे ना? बदललेला असेल तर लिहायचे नाही, पुन्हा वाचायचे. काही संकेतस्थळे सांगतात, "तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद बदलली आहे." हा संदेश पाहून मास्तर मंडळी वैतागतात. वैतागू नका. दुसऱ्याची मेहनत पुसली जाऊ नये, म्हणून त्या यंत्राने तुम्हाला थांबवलेले असते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी आणि सेवा केंद्रात अर्ज भरून देणाऱ्या तरुणांसाठी थोडे. येथवर सांगितलेले दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातचे. पण त्यांचा एक भाऊबंद आपल्याच टेबलावर जन्मतो. एका ब्राउझरच्या साऱ्या टॅबांचा बिल्ला एकच असतो. गणेशच्या नावाने लॉगिन करून एक टॅब उघडला. त्याचा दाखला सापडेना, म्हणून तो टॅब तसाच ठेवून शेजारच्या टॅबमध्ये त्याच संकेतस्थळावर सुनीताच्या नावाने लॉगिन केले. गणेशचा बिल्ला गेला, त्या जागी सुनीताचा आला. पहिल्या टॅबवर अजूनही गणेशचेच नाव दिसते, कारण ते मघाचे पान आहे. तेवढ्यात दाखला सापडतो, आणि त्या पानावर "जतन करा" दाबले जाते. सर्व्हर पाहतो बिल्ला. बिल्ला सुनीताचा. संकेतस्थळ नीट बांधलेले असेल तर ते अडवील. नसेल तर गणेशचे उत्पन्न सुनीताच्या अर्जात जाऊन बसेल, आणि वर्षअखेरीस दोघांचीही शिष्यवृत्ती अडकेल.

म्हणून एकाचा अर्ज पुरा करा, लॉगआउट करा, मगच दुसऱ्याचा घ्या. अगदी दोन अर्ज बरोबरच चालवायचे असतील तर दोन वेगळे ब्राउझर वापरा. खाजगी खिडकी उघडली तर तिचा बिल्ला वेगळा असतो हे खरे. पण अशा दोन खाजगी खिडक्या उघडल्या तर बहुतेक ब्राउझरांत त्या दोघींत मिळून बिल्ला एकच, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि शाळेचे एकच खाते तीन शिक्षकांनी तीन मोबाइलवर उघडले असेल, तर वर्ग वाटून घ्या. एकाच मुलाची नोंद दोघांनी उघडू नका. त्या उधारीच्या १५० रुपयांची गत होते.

एवढे करूनही कधी तुमच्या पडद्यावर परक्याचे नाव आले, तर? आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती अशी, की तो फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. तसे करू नका. त्यात एखाद्या मुलीचा फोननंबर असेल, एखाद्याचे बँकखाते असेल. तेथे एकही बटण न दाबता लॉगआउट करा. मग एका कागदावर लिहा : तारीख, वेळ अगदी मिनिटापर्यंत, कोणत्या पानावर होतात, शेवटचे कोणते बटण दाबले होते, लॉगिन कोणाच्या नावाचे होते आणि पडद्यावर कोणाचे दिसले. ते त्या संकेतस्थळाच्या मदत कक्षाला कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. "बटण चुकले असेल" असे कोणी म्हणाले, तर गिटहबची गोष्ट त्यांना सांगा. मिनिटाचा एवढा आग्रह अशासाठी, की सर्व्हर चेहरे विसरतो, पण आपला रोजनामा लिहून ठेवतो. कोणत्या क्षणी कोणत्या बिल्ल्याचे काम झाले, याच्या हजारो ओळी त्यात असतात. तुम्ही "परवा संध्याकाळी केव्हातरी" म्हणालात, तर त्या गंजीत सुई शोधावी लागते. "मंगळवारी रात्री नऊ वाजून सतरा मिनिटांनी" म्हणालात, तर त्या मिनिटाच्या ओळी काढून शेजारी शेजारी ठेवता येतात आणि पाटी कोणी पुसली ते पाहता येते.